वक्तशीर वारा

मेहुणा गावच्या बंद पडलेल्या स्टेशनाच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा गुरुजी रंगाऱ्याशी भांडत होते. रंगाऱ्याने तिकीटखिडकीच्या चौकटीवरचे रंगाचे पोपडे खरवडून काढले होते, आणि गुरुजींच्या मते ते पोपडे म्हणजे गावाचा इतिहास होता. थोड्याच वेळात तिथे संग्रहालयाचं उद्घाटन होतं. मोठे साहेब यायचे होते. तोवर नवे जुने पोपडे कुठून आणायचे, हा प्रश्न होता.

मेहुणा सरहद्दीपलीकडच्या पहिल्या स्टेशनाचा मास्तर. हवा स्वच्छ असली की त्याचा सिग्नल इथून दिसायचा. पण गाडी बंद पडल्यापासून इकडे यायचं म्हणजे राजधानीचा वळसा आणि परवान्यांसाठी खेटे. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच आला होता. गुरुजींची बायको हातातलं फडकं घेऊन तशीच उभी राहिली. बहीणभावात अबोला होता. तिचं म्हणणं, यानेच गाडी सोडली नाही. पलीकडे आई गेली तेव्हा हिच्या परवान्याचा अर्ज कचेरीत पडून होता, आणि याबद्दल भावाला माफ करायला ती तयार नव्हती.

"बस," ती म्हणाली. चहाचं विचारलं नाही.

गुरुजी मात्र खूश झाले. पलीकडचा माणूस आल्यामुळे संग्रहालयाला आंतरराष्ट्रीय वजन आलं होतं. शाळेत इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि आता वर्ग नसल्यामुळे भेटेल त्याला शिकवत होते. त्यांनी मेहुण्याला कंदील दाखवले, झेंडे दाखवले, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. वस्तू नुसती ठेवायची नाही, चालती ठेवायची, हा त्यांचा हट्ट होता. घड्याळाला ते रोज किल्ली देत. इथल्या जुन्या मास्तरांच्या खोलीतल्या लाल यंत्राच्या बॅटऱ्यांमध्ये स्वतः पाणी घालत.

हे लाल यंत्र पाहुण्यांना फार आवडायचं, कारण त्याची घंटी रोज सकाळी आपोआप वाजायची. तारेत वारा शिरतो, असं गुरुजी समजावून सांगत. वारा फार वक्तशीर दिसतो, असं बायको एकदा म्हणाली होती. गुरुजींनी ते मनावर घेतलं नव्हतं.

शेवटी ते काचेच्या कपाटापाशी आले. आत, बायकोच्या जुन्या मखमली उशीवर, संत्र्याएवढा लोखंडी गोळा ठेवला होता. खाली पाटी होती : शेवटच्या गाडीचा गोळा.

गुरुजींनी घसा साफ केला आणि हकिकत सांगितली. दोन सरकारांचं काहीतरी बिनसलं आणि गाडी काही दिवस बंद ठेवायचा हुकूम आला. त्या संध्याकाळी पलीकडून आलेल्या ड्रायव्हरने हा गोळा इथल्या मास्तरांच्या हातात दिला. गोळा म्हणजे पुढच्या स्टेशनापर्यंतचा परवाना, त्याच्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. मास्तरांची बदली झाली होती, त्यांना त्याच गाडीने पुढे निघायचं होतं. ते गोळा यंत्रात टाकणार, एवढ्यात गुरुजींनी त्यांचा हात धरला. आत गेला की हा बाकीच्या गोळ्यांत मिसळणार, मग शेवटचा कुठला हे कोण सांगणार? मास्तरांना पटलं. बदली झालेल्या माणसाला काहीही पटतं. पुढे सरकारांचं जमलं, आधी पलीकडची गाडी येईल असंही ठरलं, पण ती काही आली नाही. म्हणजे शेवटची गाडी ओळखण्यात गुरुजी चुकले नव्हते. 

मेहुण्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गोळ्याकडे बघितलं. मग लाल यंत्राकडे.

"दाजी," तो म्हणाला, "आपली दोन्ही यंत्रं एकाच तारेने जोडलेली आहेत. एक गोळा बाहेर असला की यंत्र दुसरा सोडत नाही. तुमचंही नाही आणि आमचंही नाही. एका रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून."

ही माहिती टिपून घ्यायला गुरुजींनी खिशातून पेन्सिल काढली.

"आमच्या यंत्राच्या हिशेबाने तुमची ती गाडी अजून वाटेत आहे. रोज सकाळी मी घंटी वाजवून विचारतो, पोचली का? उत्तरच येत नाही. आम्हाला वाटलं, तुमचा राग गेला नाही."

पेन्सिल थांबली. तेवढ्यात घंटी वाजली.

"माझा सहायक," मेहुणा म्हणाला. "मी नसलो तरी विचारत जा, म्हणून सांगून आलोय."

बायकोने विचारलं, तुमच्याकडे गाडी आहे का अजून? आहे, तो म्हणाला. गाडी सोडायचा हुकूम कोणी रद्द केलेला नव्हता, त्यामुळे गाडी रोज धुऊन उभी करत होते.

गुरुजी कपाटासमोर आडवे उभे राहिले. निदान उद्घाटन तरी होऊ दे, म्हणाले. कपाटात गोळा नसेल तर साहेब काय बघणार? मग त्यांनी बायकोकडे बघितलं. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती फक्त घंटीकडे बघत होती आणि तिचे डोळे वाहत होते. इतकी वर्षं ती ते यंत्र रोज सकाळी पुसत आली होती. गुरुजींना जन्मात पहिल्यांदा इतिहासाची लाज वाटली. त्यांनी कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली.

तिने गोळा काढला, सवयीने पुसला आणि यंत्रात सोडला. तो गडगडत आत गेला. मेहुण्याने गुरुजींचं बोट धरून बटणावर ठेवलं आणि दाबायला सांगितलं. गुरुजींनी दाबलं. पलीकडून लगेच उत्तर आलं. मग पुन्हा आलं, आणि येतच राहिलं. सहायकाला बहुधा आवरत नव्हतं.

बाहेर साहेबांची जीप थांबल्याचा आवाज आला. बायकोने पदराने डोळे पुसले आणि भावासाठी चहा टाकायला निघाली. दारातून वळून म्हणाली, "अहो, त्या पाटीवरचं 'शेवटच्या' तेवढं खोडा. आणि माळ्यावरची माझी बॅग काढून ठेवा."