दिवाणखान्यातली ओहोटी

सत्तावन्न साली नानासाहेबांनी पिंपरीच्या बंगल्यात समुद्र पाळायला घेतला. मुंबईहून बुधल्यांतून खारं पाणी आणलं, काचेच्या पेटीत चार रंगीत मासे सोडले आणि पाणी गाळायची सोय करायला आपल्या कारखान्यातून मला, दाभोळच्या फिटरला, बोलावलं. साहेबांना नळी पितळेची हवी होती. खाऱ्या पाण्यात पितळ म्हणजे माशांना विष! मी मुकाट्याने रबरी नळी लावली, वाळू-कोळशाचं पिंप बसवलं, पंप सुरू केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बोलावणं आलं. "गळकं काम केलंस. पाणी चार बोटं उतरलंय."

फरशी ठणठणीत कोरडी होती. सकाळी येऊन पाहतो तर पाणी पुन्हा काठोकाठ. दुपारी परत उतरलं, कालच्यापेक्षा पाऊण तास उशिरा. हे काय ते आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.

"साहेब, ही ओहोटी आहे."

"तुम्हा कोकण्यांना उठता-बसता भुतं दिसतात!" साहेब खदखदून हसले.

अमावास्येला दुपारी पाणी उतरायला लागलं ते संध्याकाळ झाली तरी थांबेचना. मासे ओल्या वाळूवर तडफडू लागले. समुद्र एवढा मागे गेला तर दाभोळात कुणी बघत उभं राहत नाही. सगळे टेकडीकडे पळतात.

"पंप बंद कर, गाढवा! केवढा आवाज करतोय."

पंप मी मघाशीच बंद केला होता. रबरी नळीतून समुद्राची गाज येत होती. मी दारापर्यंत मागे सरलो. गाज जवळ येत चालली, तसे साहेब खाली वाकले आणि त्यांनी नळीला कान लावला.