एका ओळीची वही

नवनाथने पायातले बूटही न काढता आधी वही उघडली.

चोरूनच उघडायचा तो. वही योगिनीची, त्याच्या बायकोची. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यातल्या समुपदेशक मोनिका मॅडमनी मन ताळ्यावर यावं म्हणून तिला सवयी लावून दिल्या होत्या. रोज अर्धा तास उन्हात चालायचं, झोपताना मोबाइल लांब ठेवायचा आणि दिवसात जे काही बरं वाटलं ते एका-दोन ओळींत लिहायचं. "वही तुमची. कुणाला दाखवायची नाही," असंही बजावलं होतं.

नाही म्हटल्यावर नवनाथला कुठलं राहवतंय! चाकणहून नाइट करून तो साडेआठला कासारवाडीच्या खोलीवर यायचा, तेव्हा योगिनी तिच्या कारखान्यात पोचलेली असायची. दुपारी ती परतायची तेव्हा हा झोपलेला. एरवीही लग्नाच्या नऊ वर्षांत दोघांतलं बोलणं आटतच आलं होतं. बायकोच्या मनातलं त्याला कळायचं ते या वहीतूनच.

'आज कारल्याची भाजी छान झाली.'

'लाइनवर कुणी गुड न्यूज कधी म्हणून विचारलं नाही.'

'नणंदेच्या डोहाळजेवणाला गेले नाही. बरं केलं.'

ती ओळ वाचली त्या दिवशी त्याला घास गेला नव्हता. तपासण्या झाल्या, उपासतापास झाले, पदरात काही पडलं नाही. आणि बाप्याला काय, मन नसतं? शेजारची बालवाडी अकराला सुटायची. डोळे मिटत असले तरी नवनाथ तोवर जागा राहायचा, गॅलरीत उभा राहून ती पोरं बघायचा आणि मगच आडवा व्हायचा.

आज पानावर लिहिलं होतं :

'आज पाळी चुकली. आधी छातीत धस्स झालं. मग बागेत जाऊन उन्हात बसले. किती वर्षांनी हलकं वाटलं!'

नवनाथने तीनदा वाचलं. मग मोबाइल हातात घेतला.

तिला फोन करून उपयोग नव्हता, कामावरच्यांचे मोबाइल गेटवर ठेवून घेतात. त्याने परांड्याला आईला लावला.

"आई, तू आजी होणार!"

"आरं माज्या सोन्या! खरं म्हणतूस?" दुर्गाबाई तिकडे रडायलाच लागल्या. "तिला वझं उचलू देऊ नगंस. म्या आत्ताच निगते."

"अगं, तिनं मला अजून सांगितलंसुद्धा नाही..."

पण फोन कट झाला होता. म्हातारी एसटी स्टँडच्या वाटेला लागलीसुद्धा असेल.

त्याने पेढे आणले. जिन्यात भेटलेल्या कस्तुराकाकूंच्या हातावर एक ठेवला. "कशाचं रं?" त्यांनी विचारलं. "सांगतो मागाहून," म्हणत हा गडी दोन-दोन पायऱ्या चढत वर.

बाराच्या सुमारास योगिनी आली. हातात मेथीची जुडी, चेहरा उन्हाने लालसर.

"जागेच?"

"झोप कुठली येतेय! योगिनी, मी तुझी वही वाचली. आजची."

ती दारातच थबकली. "मग? रागावला नाहीत?"

"रागावू? वेडी का काय तू!"

"मला वाटलं, म्हणाल, आता पुढं कसं."

"पुढचं सगळं मी बघतो. तू फक्त स्वतःला जप. दमायचं नाही, धावपळ करायची नाही. ऐकतेस ना?"

योगिनी त्याच्याकडे बघतच राहिली. इतकं मायेचं हा माणूस शेवटचा कधी बोलला होता, तिला आठवेना. मेथी तशीच ओट्यावर टाकून तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं. तोही रडला. गड्याला लाज वाटली नाही.

डोळे पुसताना तिची नजर पेढ्यांच्या खोक्यावर गेली.

"हे काय? म्हणजे काकू हातात पेढा घेऊन उभ्या होत्या, तो तुम्ही दिलात?"

"मीच. आईलाही कळवलं. निघालीय ती."

योगिनी आधी गोंधळली आणि मग हसत सुटली. नऊ वर्षांत हरवलेलं तिचं ते खळखळून हसणं नवनाथ डोळे भरून बघत होता.

"काय बाई हा माणूस!" ती म्हणाली. "अहो, सकाळची कारखान्याची बस गेली म्हणून पाळी चुकली माझी. बागेतून घरी येऊन वही लिहिली नि परत उन्हात फिरायला गेले, तेवढ्यात हे! एका खाड्याचे पेढे कुणी वाटतं का?"