धोक्याचा पुरावा

तीन गावांनी मिळून समिती केली, सरकारी माळरान राखायचं ठरवलं आणि अनुदानासाठी अर्ज केला. तो महिन्याभरात परत आला. शेरा होता, "जमिनीला धोका असल्याचा पुरावा जोडलेला नाही." आता त्या माळाकडे शेळ्यांशिवाय कुणी ढुंकून बघत नव्हतं, तर पुरावा आणायचा कुठून?

समितीची अध्यक्ष माझी बायको. तिने डोकं लढवलं आणि आपल्या बिल्डर भावाला फोन लावला. "दादा, तू त्या माळावर रिसॉर्ट बांधायचा अर्ज टाक. त्याची पोच आमच्या अर्जाला जोडली की झाला धोका सिद्ध. नंतर घे मागे."

"खरंच बांधायचं नाही ना? मग टाकतो," मेव्हणे म्हणाले.

पोच जोडून आमचा अर्ज पुन्हा गेला, त्याला आता दीड वर्ष झालं. काल चौकशीला गेलो, तर साहेब म्हणाले, "फाइल टेबलावरच आहे हो, पळून चाललीय का कुठे?"



मेव्हण्यांची मंजुरी मात्र नवव्या दिवशी घरपोच आली होती, आणि सोबत पर्यटनवाढीचं सरकारी अनुदानही, न मागता.