स्लॅबखालची खुर्ची

अण्णांनी प्लास्टिकची खुर्ची उचलली, व्हरांड्यावरच्या नव्या स्लॅबखाली बरोबर मधोमध नेऊन ठेवली आणि रुमालाने झटकून तिच्यावर बसले. भोवती टेकूंचं रान अजून तसंच उभं होतं.

"चलो द्वारकाजी, निकालो."

द्वारका मिस्त्रीने हातोडा खाली ठेवला. "बाबूजी, बाहर बैठ जाओ. मेरी इज्जत का सवाल है."

"इज्जत का सवाल है, तभी तो अंदर बैठा हूं."

अनुया दारात उभी होती. कडेवरचा, इथल्या हिंदीतच वाढलेला चार वर्षांचा ध्रुव खाली उतरायला धडपडत होता. "मम्मा, छोडो ना! मुझे आजोबा के पास बैठना है." तिने त्याला आणखी घट्ट धरलं.

अण्णांचं हे असंच. रेल्वेत होते तेव्हा पूल असो की प्लॅटफॉर्मवरची शेड, टेकू निघताना ते खाली खुर्ची टाकून बसायचे. बांदीकुईजवळच्या एका छोट्या पुलाखाली ती स्वतः त्यांच्या मांडीवर बसली होती. त्याचा फोटो आत भिंतीवर आहे. अण्णा हसताहेत, फ्रॉकमधल्या अनुयाने पेरूत दात रुतवलेत, आणि मागे उन्हात आई. आईची फक्त पाठ दिसते. "हिला फोटोचा भारी कंटाळा," असं अण्णा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. त्या पुलाखालचा गारवा, ओल्या सिमेंटचा वास अनुया कधी विसरली नाही. कुठे नवं बांधकाम दिसलं की ती अजून क्षणभर पाच वर्षांची होते.

आज मात्र तिला तो वास सोसेना.

स्लॅब टाकल्यावर चौथ्या दिवशी अण्णा आणि आई लग्नाला भुसावळला गेले होते. निघताना अण्णांनी तिला वर नेऊन सगळं दाखवलं होतं, पाण्याने भरलेली आळी, कडेने अंथरलेलं ओलं गोणपाट, नळी. "सकाळ-संध्याकाळ पाणी, अनू. पहिले दिवस तान्ह्या बाळासारखे असतात. आणि इथली हवा मेली नुसतं पाणी पिते." त्याच दुपारी ध्रुवला ताप भरला. एकशे तीन. घरात दुसरं कुणी नव्हतं. दोन दिवस ती त्याच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत राहिली. तिसऱ्या सकाळी ताप उतरला, आणि मग तिला वरचं आठवलं. धावत जिना चढली. गोणपाट पापडासारखं कडक झालं होतं. तिने नळी सोडली, आळी काठोकाठ भरली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

द्वारकाने पहिल्या टेकूवर हातोडा मारला. थोडी धूळ पडली.

"थांबा!"

ध्रुवला तिने मागे उभ्या असलेल्या आईच्या हातात दिलं आणि टेकूंमधून वाट काढत ती अण्णांपाशी गेली.

"अण्णा, बाहेर या. तुम्ही भुसावळला होतात ना, तेव्हा दोन दिवस पाणी पडलं नाही. थेंबसुद्धा नाही. ध्रुवला ताप होता, मी विसरले. आणि मग सांगायचा धीरच झाला नाही."

अण्णा वर स्लॅबकडे बघत होते. "माहितीय."

"कसं?"

"आळ्यांच्या बांधांना भेगा पडल्या होत्या. पाणी भरलंस तू. भेगा कशा लपवशील?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? न्हाणीघरात दोरीवर पट्ट्या वाळत होत्या. मोजल्या मी, अकरा होत्या. दोन्हींतलं एकच ओलं राहणार होतं. तू बरोबर ते ठेवलंस."

द्वारका कमरेवर हात ठेवून ऐकत होता. मराठी त्याला अर्धीच कळली, पण अर्धी पुरली. "वाह बाबूजी! और मुझे बोले, अमावस्या है, आज मत खोलो. फिर बोले, दिन ठीक नहीं. पूरा हफ्ता मेरी बल्लियां रोक लीं. उधर तिलक नगरवाला सेठ मेरी जान खा गया!"

अनुयाने अण्णांकडे पाहिलं. या माणसाने जन्मात कधी पंचांग उघडलं नव्हतं. मागचा सगळा आठवडा गुडघे धरत तो रोज दोनदा जिना चढत होता. व्यायाम म्हणून, असं म्हणाला होता.

"एकवीस दिवस झाले. पक्का आहे आता," अण्णा म्हणाले. "जा, बाहेर हो तू."

ती बाहेर गेली आणि दुसरी खुर्ची घेऊन परत आली.

"तू कशाला?"

"कोरडा मीच पाडला होता ना."

"हे राम, अब दो-दो!" द्वारकाने कपाळाला हात लावला, आणि मग मधल्या टेकूपासून कडेकडे सरकत कामाला लागला. एकेक टेकू निघत गेला तसा वर नुसता सपाट, करडा स्लॅब उरत गेला. अनुयाने अण्णांचा हात कधी धरला, तिचं तिलाही कळलं नाही.

शेवटचा टेकू दाणकन जमिनीवर पडला.

कुठे काही हललं नाही. चिमूटभर वाळू तेवढी अण्णांच्या टकलावर सांडली. ती त्यांनी फुंकरीने उडवायचा प्रयत्न केला आणि दोघंही हसली.

मग अनुयाने बाहेर पाहिलं. फाटकापाशी ध्रुवला कडेवर घेऊन आई उभी होती. तोंड रस्त्याकडे, पाठ इकडे. पदराचं टोक मुठीत आवळलेलं.

"आजी, उधर क्या देख रही हो?" ध्रुव तिचा चेहरा आपल्याकडे वळवायला बघत होता. "रोड पे तो कुछ भी नहीं है!"