रश्मीची एकच अट

"या स्वभावाची माणसं आपलंच खरं करतात," रश्मीनं आपल्या आईशेजारी बसून मोबाइलवरून वाचलं, आणि कस्तुराचा पोह्यांचा चमचा तोंडाशी जाता जाता थांबला.

पिंपळे सौदागरला, रश्मीच्या घरी, ती मुलासाठी मुलगी बघायला आली होती. वधू-वर मेळाव्यातल्या बायोडाटांच्या ढिगातून धम्मपालनं हा एकच उचलला होता. शर्ट घ्यायचा तरी आईला विचारणारा पोरगा, पण इथं झटक्यात "हीच" म्हणाला. मुलगी शिकलेली, धम्मपालसारखीच चाकणला कंपनीत, चांगल्या हुद्द्यावर. कस्तुरालाही ती बघताक्षणी आवडली. आता नकार आला तर तिच्या जिवाला फार लागणार होतं.

मुलीची अट एकच होती. भेटण्याआधी पर्सनॅलिटी टेस्ट. मोबाइलवर प्रश्नांची उत्तरं दिली की माणूस कसा आहे ते कळतं म्हणे. त्या दिवशी घरी धम्मपाल ओट्याशी उभा राहून एकेक प्रश्न वाचत होता. न सांगता पाहुणे आले तर राग येतो का? भांडणानंतर आधी कोण बोलतं? "तू सांग, आई," म्हणायचा, आणि कस्तुरा भाकऱ्या थापता थापता मनाला येईल ते सांगून मोकळी व्हायची. त्याच्यावर सोडलं असतं तर त्यानं निम्मे प्रश्न कोरेच ठेवले असते.

"राग नाकावर असतो," रश्मी पुढे वाचत होती. "दुसऱ्याच्या कामात लक्ष घातल्याशिवाय यांना राहवत नाही."

किसनला ठसका लागला. नवरा कस्तुराचाच, पण ऐन वेळी कधी कामाला आला नव्हता.

"बापावर गेलाय," कस्तुरा घाईनं म्हणाली. "माझ्या माहेरात असं कुणी न्हाई."

धम्मपाल पंख्याकडे बघत बसला.

"पण पुढे चांगलं आहे. चूक कळली की स्वतःहून बोलतात. आजारी माणसाच्या उशापासून हलत नाहीत. दारात आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत."

"तेच सांगते मी." कस्तुराला हुरूप आला. "हेका असतो गं, पण पोटात काही न्हाई. तोडून बोललं तरी जेवायच्या आत विसरतंय. असं माणूस जरा सांभाळून घ्यावं लागतं."

"आणि नाही जमलं तर?"

रश्मीनं हे इतकं गंभीरपणे विचारलं, की कस्तुराचा धीर सुटला. आपण उत्साहानं उत्तरं देत सुटलो आणि पोराच्या संसाराचं तो सुरू व्हायच्या आधीच वाटोळं केलं, या विचारानं तिचे डोळे भरून आले.

"पोरी, खरं सांगते. ती उत्तरं माझी हायेत. त्यानं एकबी दिलं न्हाई. तो बिचारा गरीब गाय हाय. त्याची परत टेस्ट घे, पण न्हाई म्हणू नको."

रश्मी उठून तिच्या शेजारी येऊन बसली. तिनं कस्तुराचा हात हातात घेतला.

"त्याची कशाला घेऊ, काकू? आम्ही गेली कित्येक वर्षं कंपनीच्या एकाच बसनं चाकणला जातोय," ती म्हणाली. मग आपल्या आईकडे वळून तिनं सांगून टाकलं, "आई, मला सासू पसंत आहे."