बादलीशेजारची खोली

पाय शेकायला घेतलेलं पाणी केव्हाच निवलं होतं, तरी लोरेनने त्यातून पाय काढले नाहीत. पहाटे पाचपासून दुपारपर्यंत ती कामावर उभी होती. आता दुपारचे पावणेतीन झाले होते. समोर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिची लेक टेसा लॅपटॉप उघडून बसली होती. बरोबर तीनला विद्यापीठाच्या वसतिगृहांतल्या खोल्या खुल्या होणार होत्या. आज ऑनर्सची हुशार मुलं, टेसा त्यांतलीच; बाकीची उद्या.

ऑनर्सवाल्यांना दोन इमारती होत्या. ऑल्डन ही ग्रंथालयाला लागून, पिअर्स पार नदीपलीकडे. ऑल्डनच्या फरशा गेली आठ वर्षं लोरेन पुसत होती.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ओळखीच्या डोलेझालबाईंनी गाठलंच होतं. "काय गं लोरेन, लेक आता तुझ्याच इमारतीत येणार म्हणे! मैत्रिणींना काय सांगणार ती? ती बादलीवाली आहे ना, ती माझी आई?" बाई हसल्या. लोरेनही हसली. टेसा हसली नाही.

तेव्हापासून पोरीच्या चौकशा सुरू झाल्या. आई, तू दुसऱ्या मजल्यावर किती वाजता येतेस? किती वेळ असतेस? तुझी सुट्टी कुठल्या मजल्यावर होते? लोरेनने सगळं सांगितलं. सव्वानऊला दुसरा मजला. साडेनऊला पंधरा मिनिटं सुट्टी, तिथेच, सामानाच्या खोलीत.

"खोलीत खुर्ची आहे?"

"खुर्ची कसली? बादली पालथी घालायची नि बसायचं."

"बाहेर एवढे सोफे आहेत की."

"ते मुलांचे. आम्ही टेकलो तर लगेच तक्रार." लोरेन हसत म्हणाली होती, "बादलीवर बसलं की कसं, राणीसारखं वाटतं."

टेसाने तेसुद्धा एका चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं. त्या रात्री लोरेनला सगळं उमगलं. आपण कुठे नसतो, कधी नसतो, याचाच नकाशा लेक काढते आहे. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. अठरा वर्षांची पोर. नवी जागा, नव्या मैत्रिणी. लोरेन रागावलीही नाही. फक्त फार थकल्यासारखं झालं.

काल तिने मुकादमाकडून बदलीचा कागद मागून घेतला. प्रयोगशाळांची इमारत, संध्याकाळची पाळी. म्हणजे चर्चमधली सहाची प्रार्थना बुडणार. अकरा वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती, बर्फातसुद्धा नाही. कागद भरून झाला होता. सही तेवढी राहिली होती.

"आई, सात मिनिटं," टेसा म्हणाली.

"पिअर्स घे," लोरेन म्हणाली. "शांत आहे. नदी दिसते."

"ग्रंथालय किती लांब पडेल! आणि तूच म्हणालीस ना, तिथे गरम पाणी यायला दहा मिनिटं लागतात."

"मग ऑल्डन घे." लोरेनने ॲप्रनच्या खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. घडीवर ओला डाग पडला होता. "मी उद्या हा देऊन टाकते. मग तुला अडचण नको."

टेसाने कागद वाचला. वर बघितलं नाही. लोरेनला वाटलं, आता पोर सुटकेचा श्वास टाकेल. ती त्याचीच वाट पाहत बसली.

तीन वाजले. पडद्यावर ऑल्डनचे मजले उलगडले. रिकाम्या खोल्यांच्या हिरव्या चौकोनांतले कोपऱ्यातले, खिडकीचे, ग्रंथालयाकडचे चौकोन एकेक करून बघता बघता राखाडी होत गेले. टेसाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने दुसरा मजला उघडला आणि थेट टोकाच्या चौकोनावर बोट नेलं. दोनशे एकोणीस. एकटीची खोली.

"अगं, ती नको!" लोरेन पाण्यातून उठलीच. फरशीभर पाणी झालं. "ती कुणी घेत नाही. वर्षभर रिकामी होती. भिंतीपलीकडे आमची सामानाची खोली आहे. बादल्यांची चाकं खडखडतात, फरशीच्या औषधाचा वास येतो..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे? वेडी झालीस का?"

रोज काम करताना लोरेन एकेका दारापाशी एक 'नमो मरिया' ही मरियामातेची प्रार्थना म्हणत असे. आतल्या मुलांची नावं तिला ठाऊक नसत, नंबर ठाऊक असत. दोनशे एकोणीसच्या रिकाम्या दारापाशीही तिने ती वर्षभर चुकवली नव्हती. जे कुणी येईल त्याच्यासाठी.

टेसाने बटण दाबलं. चौकोन राखाडी झाला आणि त्यात तिचं नाव उमटलं. मग तिने बदलीच्या कागदाची आणखी एक घडी घातली, खाली वाकली आणि त्या घडीने आईच्या पायाजवळचं पाणी टिपायला लागली.

"अगं, मला सही करायची आहे त्याच्यावर!"

"दहाच्या आधीचा एकही तास मी घेणार नाहीये," टेसा खालूनच म्हणाली. "साडेनऊला दार वाजव. पलंगावर पाय वर करून पड पंधरा मिनिटं. कुणी विचारलंच, तर सांग, लेकीकडे आलेय."