टोपी बसली पाहिजे

टोपी बसत नव्हती. सेलाने ती पुढे ओढली, मागे सारली, दोन्ही हातांनी दाबून धरली. हात काढले की ती काळी बेरे टोपी जटांवरून हळूच वर यायची आणि मागच्या रांगेत खसखस पिकायची.

ग्रँड बेच्या शाळेच्या मैदानात ट्रक उभा होता. छात्रसेनेची पोरं बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, पोर्ट्समथकडे, शिबिराला निघाली होती. फॉन्टेनबाई एरवी याच शाळेत गणित शिकवायच्या. आज अंगावर कडक इस्त्रीचा गणवेश होता आणि आवाजही त्याच इस्त्रीचा.

"माझा नाइलाज आहे, फिलोमेन. तिकडे तपासणी होते. टोपी अशी तरंगली तर पहिल्याच दिवशी परत पाठवतील पोरीला. केस थोडे कमी केले तर..."

"थोडे म्हणजे किती, बाई?"

बाईंनी सेलाच्या मानेजवळ बोट नेलं. जटा कमरेपर्यंत आल्या होत्या.

"काप, मम्मा," सेला म्हणाली. "घरून कात्री आण. मी जाणार आहे." आवाज ठाम होता. हनुवटी तेवढी हलत होती.

फिलोमेनने लेकीच्या जटा मुठीत धरल्या. जन्मल्यापासून या डोक्याला कात्री लागली नव्हती. सेलाच्या बापाने तसा शब्दच दिला होता देवाला, स्वतःसाठी आणि लेकीसाठी. गणवेश घरात आल्यापासून ज्यूड मायलेकींशी धड बोलत नव्हता. आज उजाडायच्या आत डोंगरावरच्या मळ्यात निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "पोरगी शिपाई व्हायला निघालीय तुझी. तूच पोचव."

"नकाशा वाचायला शिकायचंय तिला," फिलोमेन म्हणाली होती. तो तोवर वाटेला लागला होता.

आणि आता तोच फाटकातून आत येत होता. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात कोयता. रांग आपोआप दुभंगली. फिलोमेन पुढे धावली.

"ज्यूड, इथे तमाशा नको हं."

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. "काय म्हणणं आहे, बाई?"

"टोपी बसत नाही, मिस्टर व्हालमाँ."

"म्हणजे टोपी बसली पाहिजे. एवढंच ना?"

"एवढंच."

"केस कापलेच पाहिजेत, असा नियम आहे?"

"नाही. तसा नाही."

ज्यूडने कोयता बायकोच्या हातात दिला, मैदानाच्या पायरीवर बसला आणि गुडघे फाकवून मधली जागा दाखवली. "ये."

"बाबा, ट्रक निघेल."

"मग बोलण्यात वेळ घालवू नकोस."

सेला बसली. त्याने चिखलाचे हात पँटला खसाखसा पुसले आणि एकेक जट घेऊन डोक्याला चिकटवून गुंफायला लागला. टोपलीचं बूड विणतात तशी, खाली-वर, खाली-वर, प्रत्येक फेऱ्याला ताण देऊन.

"आई गं!"

"दुखतंय?"

"हो."

"घरी येतेस?"

"नाही."

"मग मान सरळ ठेव."

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. फॉन्टेनबाईंनी हात वर केला, तसं त्याने इंजिनच बंद केलं. ट्रकमधून एक तुळतुळीत डोक्याचा पोरगा ओरडला, "काका, माझी पण वेणी घाला ना!"

"आधी पीक तर येऊ दे रे!" ज्यूड मान वर न करता म्हणाला. अख्खा ट्रक हसला. सेलाही हसली, डोळे पुसत.

शेवटची जट त्याने मानेशी आत खोचली आणि टोपी उचलली. बाई ती सारखी करायला पुढे झाल्या.

"राहू द्या. टोपीवरचा बिल्ला डाव्या डोळ्यावर येतो. ठाऊक आहे मला."

"तुम्ही होतात का सेनेत?"

"नाही. खाली पाडून माझ्या जटा कापल्या होत्या एका शिपायाने. बिल्ला तोंडासमोरच होता."

फिलोमेनच्या हातातला कोयता खाली आला. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिने आज पहिल्यांदा ऐकलं.

ज्यूडने टोपी बसवली, उजवीकडे झुकवली, हात काढले. बाईंनी कड धरून हलवून पाहिली. टोपी जागची हलली नाही.

"बसली," त्या म्हणाल्या.

"तिथल्या जेवणात मांसाला हात लावायचा नाही. तोही शब्द दिलाय देवाला," ज्यूडने लेकीला बजावलं.

"नाही लावणार."

"आणि कुणी कात्री घेऊन आला तर?"

"बाईंना सांगेन."

"आणि मला. शिपायांच्या घोळक्यातून येईन मी."

ती चढली. ट्रक हलला तशी पोरं आयाबापांना हात करायला लागली. सेला फळीवर ताठ बसून राहिली.

"हात नाही केला तिने," ज्यूड म्हणाला.

"टोपी सरकेल म्हणून भ्याली असेल."

"छट्! माझं विणकाम आहे ते." वळण घेऊन ट्रक दिसेनासा झाला तरी तो तिकडेच पाहत होता. "रविवारी भेटायला सोडतात ना गं?"

"सोडतात. पण फाटकावर पहारा असतो, ज्यूड. गणवेशातली माणसं असतात."

"असू देत."

गावात उतरताना तो नेहमी लोकरीच्या टोपीत जटा कोंबून यायचा आणि पोलीस चौकी टाळायला नदीकाठची पायवाट धरायचा. आज त्याने टोपी काढून खिशात घातली. जटा सळसळत कमरेपर्यंत उतरल्या. बायकोच्या हातातला कोयता घेऊन तो चौकीवरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागला, अगदी मधोमध.